मोबाईलवरचं ‘लाट दोन मीटर’ येतं कुठून? समुद्राचं माप संगणकात कसं पोचतं ते समजून घेऊया



१ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी उठली की आपल्या मोबाईलवर रोजचे मेसेज सुरू होतात. लाटांची उंची दोन मीटर, वारा ताशी पस्तीस किलोमीटर, भरती अमुक वाजता. कोरगाव, केरी, हरमल, मोरजी, सगळीकडे तेच आकडे फिरतात. हे आकडे बघून आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, मेसेजात आहे म्हणजे शंभर टक्के खरं. दुसरा म्हणतो, एसीत बसून लिहिणाऱ्याला दर्या काय कळणार?

आम्हाला विचाराल तर दोघेही अर्धंच बोलतात. तो आकडा कुणी मनाने लिहिलेला नसतो. दर्यात किंवा धक्क्यावर बसवलेलं एखादं यंत्र माप घेतं, ते माप संगणकात जातं, तिथे त्याचा हिशेब होतो आणि मग तो आपल्यापर्यंत येतो. या सगळ्या साखळीला डेटा अक्विझिशन सिस्टीम म्हणतात. साध्या मराठीत, संगणकाच्या मदतीने माप टिपून ठेवणारी यंत्रणा. साखळीत पाच-सहा कड्या असतात, आणि आकडा किती भरवशाचा ते प्रत्येक कडीवर ठरतं. या कड्या माहीत असल्या की आकडा कसा वाचायचा ते आपल्यालाच कळतं. म्हणून आज जरा लांब लिहितोय. वेळ काढून वाचा.

आपल्या होडीवरच ही यंत्रणा आहे

लांब जायला नको. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या होडीवर फिश फाइंडर आहे. तीच एक छोटी डेटा अक्विझिशन सिस्टीम आहे.

होडीच्या तळाशी जो गोळा बसवलेला असतो, तो पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो. माणसाला ऐकू न येणारा आवाज. बहुतेक यंत्रांत ५० किंवा २०० किलोहर्ट्झचा. तो तळाला किंवा माशांच्या थव्याला आपटून परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. समजा ठोका जाऊन परत यायला ०.०४ सेकंद लागले, तर एकूण प्रवास ६० मीटर झाला. जाणं आणि येणं मिळून ६०, म्हणजे खोली ३० मीटर. एवढा हिशेब यंत्र डोळ्याची पापणी लवायच्या आत करतं आणि पडद्यावर रेघ काढतं.

आता यातल्या कड्या बघा. गोळा हा सेन्सर. परत आलेला आवाज फार क्षीण असतो, तो वाढवणारं सर्किट ही दुसरी कडी. त्या विजेच्या इशाऱ्याचा आकडा करणारी चिप ही तिसरी. हिशेब करणारा छोटा संगणक ही चौथी. आणि पडदा ही पाचवी.

इथेच एक धडा मिळतो. गोळा पाण्याच्या पातळीखाली अर्धा मीटर असेल, तर यंत्र खोली मोजतं ती गोळ्यापासून. सेटिंगमध्ये तो अर्धा मीटर भरलेला नसेल तर पडद्यावर साडेतीन मीटर दिसताना खरं पाणी चार मीटर असतं. यंत्र खोटं बोललेलं नाही. माप कुठून घेतलं ते आपण विचारलेलं नाही.

मानस आणि मोजपट्टी यातला फरक

आपल्या पेडण्यातल्या खाजनांत मानस असते. भरतीचं पाणी चढलं की मानशीचं दार आपोआप मिटतं, ओहोटी लागली की आपोआप उघडतं. ना वीज, ना माणूस. पाणी ओळखून काम करणारी ही यंत्रणा आपल्या वाडवडिलांनी कधीच केली. पण मानस नोंद ठेवत नाही. काल रात्री पाणी किती चढलं, गेल्या वर्षीपेक्षा जास्त चढलं का, हे तिला विचारून उपयोग नाही.

नोंद ठेवायची म्हणून बंदरांत भरतीमापक आले. जुनी पद्धत अशी: धक्क्यालगत एक उभी विहिरीसारखी नळी, तिला खाली लहान भोक. बाहेरच्या लाटांचा धुडगूस आत येत नाही, पाणी मात्र सावकाश वरखाली होतं. आत तरंगणारा बोया, त्याला तार, तारेच्या टोकाला पेन, आणि घड्याळाच्या चावीवर फिरणारा कागद. मुंबईच्या भरतीच्या नोंदी अशा १८७८ पासूनच्या मिळतात. आज ‘समुद्र किती वाढला’ म्हणून जी चर्चा होते, ती असल्याच जुन्या नोंदींच्या जोरावर.

कागदाची अडचण एकच. तो माणूस जाऊन काढेपर्यंत कुणाला काही कळत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हे सगळ्यांनाच बोचलं. माप घेतल्या घेतल्या ते किनाऱ्यावर पोचलं पाहिजे, ही गरज तेव्हा ठसठशीत झाली.

वेरेंचा रडार

यात आपल्या गोव्याचं काम आहे आणि ते आपल्याच लोकांना फारसं माहीत नाही. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओने, २००५ साली मांडवीच्या मुखाजवळ वेरेंला पाण्याची पातळी मोजणारं केंद्र सुरू केलं. मोबाईल नेटवर्कवरून माप पाठवायचं आणि ते इंटरनेटवर कुणालाही दिसायचं, अशी सोय त्यात होती. तो काळ आठवा. आपल्यातल्या कित्येकांच्या खिशात तेव्हा मोबाईलही नव्हता.

असल्या केंद्रावर रडार वापरतात. तो धक्क्यावरून खाली पाण्याकडे तोंड करून बसवलेला असतो. तो रेडिओ लहरी सोडतो, त्या पाण्यावरून परत येतात. फिश फाइंडरसारखंच, फक्त आवाजाच्या जागी रेडिओ. या लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, म्हणून साडेचार मीटर खाली जाऊन परत यायला सेकंदाचा साधारण तीन कोटींवा भाग पुरतो.

हिशेब उलटा आहे, हे लक्षात घ्या. समजा रडार शून्य पातळीच्या ६ मीटर वर बसवलाय आणि पाण्यापर्यंतचं अंतर साडेचार मीटर आलं. मग पाण्याची पातळी ६ वजा ४.५, म्हणजे दीड मीटर. रडारचा फायदा असा की तो पाण्याला शिवतच नाही. पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रावर दोन महिन्यांत शेवाळ आणि शिंपल्या कशा चढतात ते होडीचा तळ घासणाऱ्याला सांगायला नको.

कडी दुसरी: सेन्सर ते आकडा

सेन्सर आकडा देत नाही. तो बहुधा वीज देतो, कमी किंवा जास्त. कारखान्यांत आणि बंदरांत एक पद्धत सर्रास चालते, चार ते वीस मिलीअँपियरची. समजा सेन्सरचं माप ० ते १० मीटर आहे. शून्य मीटरला तो ४ मिलीअँपियर वीज सोडतो आणि १० मीटरला २०. तारेत १२ आले तर तो बरोब्बर मध्य, म्हणजे ५ मीटर.

शून्याला ४ का, ० का नाही? कारण तार तुटली तर वीज ० होते. शून्य मापाला पण शून्य वीज ठेवली असती, तर ‘पाणी तळाला गेलं’ आणि ‘तार उंदराने कुरतडली’ यांतला फरक कळलाच नसता. आता ४ दिसले तर माप शून्य, ० दिसले तर यंत्र बंद. ‘माहिती शून्य’ आणि ‘माहितीच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाईलवर वाऱ्याचा वेग ० दिसला तर आपणही हेच विचारावं: वारा पडलाय की यंत्र?

या विजेचा आकडा करणाऱ्या चिपला अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर म्हणतात, थोडक्यात एडीसी. तिचं काम जिन्यासारखं आहे. पाणी उताराने सलग चढतं, पण संगणकाला पायऱ्याच कळतात. पायऱ्या किती, ते बिटवर ठरतं. ८ बिटची चिप असेल तर २५६ पायऱ्या. १० मीटरचं माप २५६ पायऱ्यांत वाटलं तर एक पायरी जवळजवळ ४ सेंटिमीटरची. १२ बिटला ४०९६ पायऱ्या, म्हणजे एक पायरी अडीच मिलिमीटरची. १६ बिटला ६५,५३६ पायऱ्या, म्हणजे मिलिमीटरहून कितीतरी बारीक.

पण बारीक पायरी म्हणजे खरं माप असं समजू नका. चुकीच्या उंचीवर बसवलेली मोजपट्टी कितीही बारीक रेघांची असली तरी उत्तर चुकीचंच देणार. बारीकपणा वेगळा, खरेपणा वेगळा.

कडी तिसरी: किती वेळा बघायचं

ही गोष्ट आपल्याइतकी चांगली कुणालाच कळणार नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, हे आपल्याकडच्या पोरालाही माहीत असतं. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं.

आता समजा एखादा परका माणूस रोज दुपारी बारा वाजता, एकदाच, जेटीवर येऊन पाणी बघून जातो. त्याला काय दिसेल? पहिल्या दिवशी पूर्ण भरती. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाणी थोडं खाली. असं करत आठवड्याभराने पूर्ण ओहोटी, आणि पंधराएक दिवसांनी पुन्हा पूर्ण भरती. तो वहीत लिहील, ‘इथे भरती पंधरा दिवसांनी एकदा येते.’ त्याची एकही नोंद खोटी नाही. तरी निष्कर्ष पार खोटा. कारण त्याने पुरेशा वेळा बघितलंच नाही.

यंत्राचंही असंच होतं. जे माप ज्या गतीने बदलतं, त्याच्या दुपटीहून जास्त गतीने त्याच्याकडे बघावं लागतं. भरतीला दर काही मिनिटांनी एक नोंद पुरते. लाटेला ती अजिबात पुरत नाही. आठ सेकंदांनी येणारी लाट पाच मिनिटांतून एकदा बघितली तर काहीच कळायचं नाही. म्हणून लाटा मोजणारी यंत्रं सेकंदाला एकदाहून जास्त वेळा माप घेतात.

‘लाट दोन मीटर’चा खरा अर्थ

आता मुद्द्याचं. लाटा मोजायला दर्यात पिवळा गोल बोया सोडतात. आपल्या उत्तरेला रत्नागिरी आणि दक्षिणेला कारवार इथल्या दर्यात हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे असे बोये लावले गेले आहेत. या बोयात उंची मोजणारी पट्टी नसते. त्याच्या पोटात हिसका मोजणारा सेन्सर असतो, वर-खाली जाताना किती जोराने ढकललं ते मोजणारा. त्यावरून गणित करून संगणक उंची काढतो. बोया लाटेवर मोकळा नाचला तरच हे गणित बरोबर येतं.

या कामात जगभर वापरला जाणारा एक बोया सेकंदाला १.२८ वेळा नोंद देतो. अर्ध्या तासाची मोजणी केली तर २३०४ नोंदी होतात. लाट आठ सेकंदांची धरली तर त्या अर्ध्या तासात सव्वादोनशे लाटा येऊन जातात. पण मेसेजात सव्वादोनशे आकडे देता येत नाहीत, एकच देतात. तो कसा निवडतात?

रूढ अर्थ असा: सगळ्या लाटा उंचीप्रमाणे लावायच्या, त्यातल्या सर्वांत उंच एक तृतीयांश घ्यायच्या, इथे पंच्याहत्तर, आणि त्यांची सरासरी काढायची. आज संगणक हाच आकडा वेगळ्या गणिताने काढतो, पण अर्थ जवळजवळ तोच. जुन्या अनुभवी तांडेलाला ‘आज लाट किती?’ विचारलं तर तो नजरेने जे सांगतो, त्याच्याशी हा आकडा बराच जुळतो.

म्हणजे ‘लाट दोन मीटर’ हे सरासरीचं माप झालं. त्या पंच्याहत्तरांतल्याही कितीतरी लाटा दोन मीटरहून उंच असतात. काही तास दर्यात राहिलात तर त्या आकड्याच्या पावणेदोन पट ते दुप्पट उंचीची एखादी लाट येणं हे अगदी नेहमीचं आहे. दोन मीटरच्या मेसेजात साडेतीन-चार मीटरची लाट लपलेली आहे. ‘मेसेज चुकला’ असं म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं.

आणखी एक. बोया असतो खोल पाण्यात. आपण धोक्यात येतो ते नदीच्या मुखावर, तेरेखोलच्या आणि शापोऱ्याच्या वाळूच्या पट्ट्यावर. लाट उथळ पाण्यात शिरली की उभी राहते आणि फुटते. त्यात ओहोटीचं पाणी समोरून बाहेर येत असेल तर आणखीच उभी राहते. बोयाचा आकडा त्या पट्ट्याचा नव्हे. तिथला निर्णय डोळ्यानेच घ्यायचा.

मेसेजात लाटेचे सेकंद दिले असतील तर तेही वाचा. सहा सेकंदांची दोन मीटर लाट आणि चौदा सेकंदांची दोन मीटर लाट सारखी नसते. चौदा सेकंदांची लाट दूरच्या वादळातून आलेली असते. बाहेर ती सपाट, शांत वाटते आणि किनाऱ्याजवळ येऊन उंच होते. केरळातले मच्छीमार अशा दर्याला कळ्ळक्कडल म्हणतात, चोरपावलांनी येणारा दर्या. वारा नाही, आभाळ निरभ्र आणि तरी पाणी अंगावर.

कडी चौथी: कधीचं, कुठलं, कशात

आकड्याबरोबर तीन गोष्टी नसतील तर तो आकडा अर्धवट.

पहिली, वेळ. बरीच यंत्रं जागतिक वेळेत नोंद करतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. एखाद्या वेबसाइटवर ०६:०० लिहिलेलं असेल आणि बाजूला ‘यूटीसी’ असेल, तर ती आपली सकाळ साडेअकराची. भरतीच्या हिशेबात साडेपाच तास म्हणजे भरतीची जवळजवळ ओहोटी.

दुसरी, शून्य कुठलं. भरतीच्या तक्त्यातली उंची नकाशाच्या शून्यापासून असते. पाणी सहसा त्याच्या खाली जात नाही, असं ते शून्य ठरवलेलं असतं. ते आपल्या जेटीच्या पायरीपासून मोजलेलं नसतं. म्हणून तक्त्यातली २ मीटरची भरती आपल्या पायरीवर कुठे येते, ते एकदा बघून खूण करून ठेवावी.

तिसरी, एकक. वारा कुणी नॉटमध्ये देतो, कुणी ताशी किलोमीटरमध्ये, कुणी सेकंदाला मीटरमध्ये. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ‘वारा २५’ एवढंच पुढे पाठवलं तर ते ताशी २५ किलोमीटर की ४६, हे वाचणाऱ्याला कसं कळणार? शिवाय तो काही मिनिटांचा सरासरी वारा असतो. मधला झोत त्याहून बराच जास्त असतो.

कडी पाचवी: पोचणार कसं

माप घेतलं, वेळ टाकली, आता ते पाठवायचं. वेरेंसारखं किनाऱ्यावरचं केंद्र मोबाईल नेटवर्क वापरतं. खोल दर्यातले बोये उपग्रहाकडे पाठवतात. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचा बोयांचा कार्यक्रम १९९७ पासून चालू आहे, तो असाच. वीज सोलर पॅनेलची, साठवण बॅटरीत.

चांगल्या यंत्रणेत पाठवणं बंद पडलं तरी नोंद बंद पडत नाही. डेटा लॉगर नावाची पेटी सगळं आत साठवून ठेवते आणि नेटवर्क आलं की पुढे ढकलते. शास्त्रज्ञाला ती उशिराची नोंदही मोलाची. आपल्याला मात्र ताजीच लागते. म्हणून आकडा कधीचा आहे ते बघायचंच.

आपल्यापर्यंत पोचायची शेवटची अडचण तर आपल्याला माहीतच आहे: किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरच्या पुढे मोबाईल चालत नाही. २०१७ च्या ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूचे मच्छीमार खोल दर्यात होते. इशारा त्यांच्यापर्यंत पोचायला मार्गच नव्हता. त्यानंतर २०१९ मध्ये इन्कॉइस आणि विमानतळ प्राधिकरणाने जेमिनी नावाचं उपकरण काढलं. ते गगन उपग्रह सेवेवरून इशारे होडीवर आणतं. कडी तुटली होती ती शेवटची, आणि किंमत माणसांनी मोजली.

हे सगळं कामाला आलं कधी?

१२ सप्टेंबर २००७. आपल्याकडे संध्याकाळचे पावणेपाच वाजत आले होते, तेव्हा सुमात्राजवळ ८.४ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून निघालेली त्सुनामी लक्षद्वीपच्या कवरत्तीला आणि आपल्या वेरेंच्या केंद्रावर नोंदली गेली. आपल्याकडे ती लहान होती. किनाऱ्यावर उभ्या माणसाला भरती-ओहोटीत ती ओळखूही आली नसती. पण यंत्राने ती टिपली आणि मोबाईल नेटवर्कवरून ती नोंद इंटरनेटवर पोचत राहिली.

ती ओळखायची रीत सोपी आहे. भरतीचा अंदाज आधीपासून गणिताने माहीत असतो. मोजलेल्या पातळीतून अंदाजाची पातळी वजा करायची. जे उरतं ते वाऱ्याचं, वादळाचं किंवा त्सुनामीचं.

हीच वजाबाकी नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळाला लावली गेली. फयान गोव्यासमोरून वर सरकलं आणि ११ नोव्हेंबरला मुंबईच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. कोकण किनाऱ्यावरचे कित्येक मच्छीमार दर्यात अडकले, काही परतलेच नाहीत. वादळाने पाणी भरतीच्या वर किती उचललं, ते एनआयओच्या किनाऱ्यावरच्या केंद्रांनी नोंदलं. पुढचं वादळ आलं की पाणी किती चढेल, हा अंदाज असल्याच नोंदींवर उभा राहतो.

आता आपल्या हातातली गोष्ट

दर्यात बांधलेल्या बोयाखाली सावली असते, दोरावर शेवाळ येतं, त्याला लहान मासे येतात आणि लहानांमागे मोठे. हे आपल्याला माहीत आहे, म्हणून कुणी बोयाजवळ जाळं टाकतो, कुणी होडीच बांधतो. कुठे सोलर पॅनेल जातं, कुठे बॅटरी. हे देशभर होतं आणि शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे विनवण्या करत आलेत.

वर काय सांगितलं ते आठवा. लाटेचा बोया मोकळा नाचला तरच माप खरं. त्याला होडी बांधली की तो दबतो, ओढला जातो, आणि तीन मीटरची लाट कमी दिसायची शक्यता तयार होते. पॅनेल गेलं की तो गप्प बसतो. अंदाज काढणारा संगणक त्या जागी आंधळा होतो आणि मेसेज येतो आपल्याच भावाच्या मोबाईलवर. म्हणून कृपा करून बोयाला होडी बांधू नका. जाळं लांब ठेवा. बोया तुटून वाहत आलेला दिसला तर मत्स्य खात्याला किंवा तटरक्षक दलाला कळवा. जागा आणि वेळ लिहून ठेवा.

घरच्या घरी

आयटीआयला, इंजिनिअरिंगला शिकणारी आपली पोरं विचारतात, आपण काही करू शकतो का? करू शकतो, आणि सुरुवात बर्फाच्या पेटीपासून करा. मासा शून्य अंशाच्या जवळ राहिला तर टिकतो आणि दर मिळतो.

डीएस१८बी२० नावाचा तापमानाचा सेन्सर स्वस्तात मिळतो. तो एका अंशाचा सोळावा भाग दाखवतो, पण त्याची हमी मात्र अर्ध्या अंशाची, कमी किंवा जास्त. बारीकपणा आणि खरेपणा यांतला फरक तो हाच. म्हणून वापरण्याआधी तपासा. गोड्या पाण्याचा बर्फ बारीक कुटा, त्यात थोडं गोडं पाणी घाला, ढवळा आणि सेन्सर आत ठेवा. तिथे तापमान शून्य अंशच असतं. सेन्सर ०.३ दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून ०.३ वजा करा. मीठ पडू देऊ नका, खारं पाणी शून्याखाली जातं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. एनआयओचं यंत्र असो की आपली पेटी, याच्याशिवाय कुठल्याच आकड्याला अर्थ नाही.

मानशीजवळ पाणी मोजायला आवाजाचा सेन्सर लावणार असाल तर एक सांगतो. हवेत आवाजाचा वेग उन्हाने बदलतो. २५ अंशाला सेकंदाला ३४६ मीटर, ३५ अंशाला ३५२. तीन मीटर अंतरावर तेवढ्याने पाच सेंटिमीटरची चूक येते. दुपारी पाणी उगाचच चढलेलं दिसेल. सोबत तापमानाचा सेन्सर लावा आणि हिशेबात घ्या.

मेसेज आला की हे विचारा

१. हे माप आहे की अंदाज?
२. कधीचं? वेळ आपली की जागतिक?
३. कुठलं? खोल दर्यातलं की किनाऱ्याचं?
४. सरासरी की सर्वांत जास्त?
५. मीटर की फूट? नॉट की किलोमीटर?

उत्तर मिळत नसेल तर तो आकडा पुढे पाठवू नका. उत्तर मिळालं तर त्यावर भरवसा ठेवा, आणि मुखावर आलात की डोळ्यांवरही ठेवा. तांडेलाची नजर आणि बोयाची नोंद एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं.

होडीवर जाणाऱ्या प्रत्येकापर्यंत हे पोचवा. ज्यांना वाचायला जमत नाही त्यांना वाचून दाखवा, आणि घरात शिकणारं कुणी असेल तर बर्फाचा प्रयोग करून काय आलं ते आम्हाला जरूर कळवा.